दुभाष्याची जमीन

नदीकाठची वसाहत, न्यू इंग्लंड, अमेरिका
१२ ऑक्टोबर १६४१

प्रिय मार्जरीताई,

तुला आणि टोबायसभावजींना इकडून प्रेमाचा नमस्कार. तुझं मे महिन्यातलं पत्र सप्टेंबरच्या अखेरीस हाती पडलं. समुद्राच्या पाण्याने कडा भिजल्या होत्या, पण अक्षर लागलं. गाय गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मी बरा आहे. उन्हाळ्यात आठ दिवस तापाने पडून होतो, आता काही नाही. मका चांगला आला. भोपळे तर इतके झालेत की डुकरांपुढे टाकतो.

तू विचारलंस की माझ्यासारख्या साध्या गाडीवानाला ऐंशी एकर जमीन कुणी दिली, आणि वसंतातल्या जहाजाने तुम्ही दोघं आलात तर तुम्हालाही मिळेल का. मिळेल. माझ्या बांधाला लागूनच आहे. एक झाड तोडावं लागणार नाही. जमीन कसलेली आहे, काळी, हातात घेतली की लोण्यासारखी दबते.

सोकानकसाठी तू विणलेले लोकरीचे मोजेही पोचले. त्याचं पुढे लिहितो.

परवा मला बाबांची आठवण आली. गावाच्या कुरणाला जमीनदाराने कुंपण घातलं तो दिवस. त्याचा कारकून कागद वाचत होता आणि बाबा टोपी हातात धरून मान हलवत होते. एक शब्द कळत नव्हता त्यांना. तू रात्रभर रडलीस आणि सकाळी जाऊन चार खुंट उपटून आलीस. त्याबद्दल तुला चौकात फटके बसले, तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. पुढे आलो नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

सोकानकबद्दल मी सात वर्षं लिहीत आलोय, त्यामुळे तुला तो घरातलाच वाटत असेल. दर रविवारी त्याच्या नावाने प्रार्थना करतेस असं लिहिलंस. पहिल्या हिवाळ्यात आमच्यातले निम्मे लोक मेले तेव्हा त्याने मला उचलून इथल्या मूळ लोकांच्या गावात, आपल्या झोपडीत नेलं, हे तुला माहीत आहे. त्याची आई अस्कामी मला मक्याची पेज चाटवायची. दोन हिवाळे मी त्यांच्यात राहिलो आणि त्यांची भाषा शिकलो. पूर्ण वसाहतीत ती येणारा मी एकटा. म्हणून हार्बॉटलसाहेबांनी मला दुभाष्या केलं. ते इथले प्रमुख आहेत, आणि न्यायनिवाडाही तेच करतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साहेबांनी जमिनीचं एक खरेदीखत तयार केलं. धबधब्यापासून दलदलीपर्यंतची सगळी जमीन, वंशपरंपरा, कायमची आमची. बदल्यात बारा डगले, वीस कुदळी आणि एक मोठी पितळी हंडी. मी साहेबांना म्हटलं, "यांच्या भाषेत जमीन विकायला शब्दच नाही. ते समजणार नाहीत."

साहेब म्हणाले, "समजायला कोण सांगतंय? त्याचा हात कागदावर उमटेल असं काहीतरी बोल. मग तुझ्या ऐंशी एकरांचं बघू."

सोकानक आता त्या गावाचा मुखिया होता. मी त्याला सांगितलं, "आम्हाला तुमच्या शेजारी पेरू द्या, गुरं चारू द्या. तुम्ही पूर्वीसारखेच राहा, मासे धरा, शिकार करा."

त्याने कागद उलटा धरून पाहिला. म्हणाला, "जोनस, कागद एवढा लांब आणि तुझं बोलणं एवढंसं. बाकीचं काय लिहिलंय?"

"बाकी सगळी आमच्या राजाची आणि देवाची नावं आहेत."

"बरीच नावं आहेत रे दोघांना," तो हसत म्हणाला, आणि त्याने खाली एक बगळा काढला. सुरेख काढला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

या उन्हाळ्यात आमची डुकरं त्यांच्या शेतात शिरली. उभा मका खाल्ला, जमिनीत पुरून ठेवलेलं बियाणंही उकरून काढलं. सोकानक तीनदा माझ्याकडे आला. मी तीनदा म्हटलं, साहेबांच्या कानावर घालतो. मी घातलं नाही. मग त्याने चार डुकरं मारली, आणि आमच्या शिपायांनी त्याला बांधून प्रार्थनाघरात आणलं.

ताई, इथून पुढचं लिहायला मला तीन दिवस लागलेत.

साहेबांनी विचारलं, "या जमिनीवर तू कुठल्या हक्काने आलास?" मी ते सोकानकला सांगितलं. तो साहेबांकडे बघून बोललाच नाही, माझ्याकडे बघून बोलला. "मला कशाला विचारतात? त्या दिवशी तू आम्हाला काय सांगितलंस ते यांना सांग. तेवढंच सांग. मग हे घरी जातील आणि मीही जाईन."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणतो?"

मी म्हणालो, "म्हणतो, डुकरं मी मारली आणि पुन्हाही मारीन."

सोकानकला आपली इंग्रजी थोडी कळायची. डुकरं हा शब्द त्याला कळला. तो एवढाच शब्द पकडून माझ्याकडे बघत राहिला, बाकीचा अर्थ लावत. मग त्याला तो लागला असावा, कारण त्यानंतर कितीही विचारलं तरी त्याने तोंड उघडलं नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं साहेबांनी लिहून घेतलं.

शिक्षा झाली ती दूर दक्षिणेच्या बार्बाडोस बेटावर गुलाम म्हणून पाठवायची. जहाज येईपर्यंत त्याला कोठारात कोंडलं. त्याच आठवड्यात आमच्या लोकांनी त्यांचा उरलेला मका जाळला आणि गाव पश्चिमेच्या रानात पळालं. झोपड्याही जाळल्या. अस्कामीची तेवढी राहिली, कारण ती आत बसून होती आणि उठत नव्हती. मुलगा सुटल्याशिवाय हलणार नाही म्हणाली.

तुझं पत्र आणि मोजे घेऊन जे जहाज आलं, त्याच जहाजातून त्याला नेलं. मी मोजे घेऊन धक्क्यावर गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. म्हटलं, "माझ्या बहिणीने तुझ्यासाठी पाठवलेत."

पायातल्या बेडीमुळे त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. त्याने मोजे हातात घेऊन बघितले. "नेतात तिथं थंडी असते?"

"नाही."

"मग तूच घाल," तो म्हणाला. "तुझे पाय पहिल्यापासून गार पडतात."

मी ते घातलेत. उबदार आहेत.

माझी ही ऐंशी एकर जमीन त्याचीच आहे, तुला कळलंच असेल. तुमच्यासाठी म्हणून सांगितलेला तुकडाही त्यांचाच. फक्त त्यात अस्कामीची झोपडी होती, आणि साहेबांनी बजावलं होतं की थंडी पडायच्या आत जागा रिकामी झाली नाही तर तो तुकडा तुमच्या नावावर होणार नाही. शिपाई पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, मी बघतो. आज दुपारी प्रार्थना आटोपल्यावर तिच्याकडे जायचं आहे. आल्यावर पुढचं लिहितो.

जाऊन आलो.

ती शेंगा सोलत बसली होती. मला बघून सरकली आणि बसायला जागा केली. म्हणाली, "लेकरा, वाळलास. काही खातोस का नाही?" मग विचारलं, "त्याला कधी सोडणार?"

मी म्हणालो, "सोडलं. वरच्या धबधब्यापाशी वाट बघतोय तुझी."

"आत्ता? तिथं वसंतात मासे असतात तेव्हा जातात. आत्ता तिथं कोण असतं?"

"म्हणूनच तिथं लपलाय. लवकर निघ. आमच्या लोकांना कळायच्या आत."

तो वरचा धबधबा तरण्या माणसाला तीन दिवसांच्या वाटेवर आहे. तिथं कुणीही नाही. तिचा गुडघा तुला माहीत नाही, मला माहीत आहे. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं तिला कळलं. पण ती म्हणाली, "तुझं बोलणं आता अगदी आमच्यासारखं झालंय. डोळे मिटले तर तोच बोलतोय असं वाटतं." मग तिने सोललेल्या शेंगांतल्या निम्म्या मला दिल्या, निम्म्या त्याच्यासाठी कातड्याच्या पिशवीत बांधल्या, काठी घेतली आणि निघाली. वळणावर थांबून तिने हात केला. मीही केला.

झोपडी पाडायला अर्धा तासही लागला नाही. नुसती साल आणि चटया होत्या.

तर जागा मोकळी झाली आहे. जहाजावर दोघांची नावं आत्ताच सांगून ठेवा, वसंतात फार गर्दी होते. बियाणं आणू नका, इथं आहे. भावजींना म्हणावं, जाड तळाचे बूट आणा.

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. तू पुढे येणारी आहेस, मी मागे उभा राहणारा, ते आपलं लहानपणीच ठरलंय. पण ठेवलंस आणि इथं येऊन चारचौघांत काढलंस, तर मी म्हणेन की प्रवासाने माझ्या बहिणीचं डोकं फिरलंय. आणि ताई, इथं मी सांगेन तोच अर्थ खरा धरतात.

तुझी वाट बघणारा धाकटा भाऊ,
जोनस फेल्थम
दुभाष्या, नदीकाठची वसाहत