वरच्या घरची पाहुणी

२ एप्रिल
पोचले एकदाची! जीपने शेवटच्या वळणावर सोडलं, तिथून तासभर चढ. हॉटेलच्या रिसेप्शनवर सहा वर्षं उभं राहून आपले पाय दणकट झालेत, असा माझा समज होता. तो अर्ध्या वाटेत गळून पडला. संस्थेच्या पत्रावर मी 'समन्वयक' आहे; गावाने दहा मिनिटांत 'मॅडमबाई' करून टाकलं.

गाव म्हणजे सहा घरं आणि प्रत्येक घरात पाहुण्यांची एक खोली. लोक हिमबिबट्या बघायला येतात, यांच्या घरी राहतात, यांच्या चुलीपाशी जेवतात. चार पैसे गावात राहतात, म्हणून आता शेळी गेली तरी कोणी विष घालत नाही. माझी खोली गावाच्या तोंडाशी आहे: निळं दार, एक खिडकी, शेगडी, भिंतीवर फळा. धाकटीला, माझ्या बहिणीला, इथे आणायचंच. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच केलं, आता जरा लाडही करते. फक्त ती ठरल्या वेळेला आली म्हणजे मिळवली. न सांगता आधीच टपकायची तिची जुनी खोड आहे.

४ एप्रिल
पाहुणे इथे नंबराने वाटतात, कोणावर अन्याय नको म्हणून. पण यादीत नावं सात! सातवं 'वरचं घर'. ते टेकाडावर आहे आणि रिकामं आहे. त्याचा नंबर असेल त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना गाव चक्क खालच्या गावाला पिटाळतं. आज एका जोडप्याला असंच वाटेला लावलं. मी मावशींना विचारलं. मावशी म्हणजे पहिल्या घरच्या मालकीण आणि गावच्या खऱ्या कारभारीण. म्हणाल्या, आज ती येते. कोण ती, म्हटलं, तर भांडी घासायला लागल्या.

५ एप्रिल
वर जाऊन आले. अंगण झाडलेलं, पलंगावर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचं भांडं. चादर मधोमध दबलेली आणि तिच्यावर लांब राखाडी केस. गोठ्याचं दार जळून काळं झालंय, आतल्या बाजूला खोल ओरखडे आहेत. चौथ्या घरच्या सुतारांनी सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी बिबट्याची एक मादी त्या गोठ्यात शिरली, नऊ शेळ्या मारल्या. वरच्या घराने बाहेरून कडी घातली आणि गवत पेटवलं. पुढे ते घर काही टिकलं नाही. तेव्हापासून यादीत तिचाही नंबर असतो.

मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. एखादं मांजर झोपत असेल, आणि त्याच्या नावाने गाव आठवड्याला एक सुट्टी मारतंय, दुसरं काय!

८ एप्रिल
बैठक घेतली. वरचं घर यादीतून खोडलं आणि सातव्या जागी माझी खोली घातली. सहाव्या घरचे टोपीवाले काका हवेवरूनसुद्धा वाद घालतात, तेही आज टोपी सावरत उठले. मावशी तेवढ्या म्हणाल्या, खोडलंस ते खोडलंस, वर स्वतःचं नाव कशाला घातलंस गं? मला वाटलं, माझ्या कामाचा ताण वाढेल म्हणून बोलतायत.

मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिले. पाहुण्याला परत पाठवायचं नाही. पाहुणा निघाल्यावर यादी बदलायची नाही. पाहुण्याला दार वाजवायला लावायचं नाही, आपणच आधी उघडायचं, हसून. नवी यादी बारापासून. अठराला माझा नंबर आणि अठरालाच संध्याकाळच्या जीपने धाकटी! म्हणजे माझी पहिली पाहुणी तीच.

१२ एप्रिल
धाकटी सोडली तर विसापर्यंत एकही पाहुणा नाही, हा आठवडा साफसफाईचा. तरी मावशींच्या पाहुण्यांच्या खोलीत कोणीतरी झोपून गेलंय. कडी बाहेरून जशीच्या तशी. चादरीवर राखाडी केस. गोठ्यातलं सगळ्यात लहान करडू नाही. रक्त नाही, दोरी शाबूत. मी भरपाईचा रीतसर अर्ज भरला. मावशींनी अंगठा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

१३ एप्रिल
दुसरं घर. पलंग दबलेला. कुत्रीची चार पिल्लं होती, त्यातलं शेंडेफळ गेलं.

१४ एप्रिल
तिसऱ्या घरच्या खोलीला काल मी स्वतः कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे. सकाळी कुलूप तसंच. पलंग दबलेला. मी हात ठेवून पाहिला, गरम होता. चार दिवसांचं वासरू नाहीसं झालंय.
यादीप्रमाणे चाललंय. माझ्या यादीप्रमाणे.

१५ एप्रिल
सुतारांकडे जनावर नाही. देवाची कृपा, म्हटलं होतं मी काल.
त्यांच्या सुनेला सातवा महिना होता. सकाळी पोटातलं गेलं. सुतार फळ्यासमोर येऊन उभे राहिले, नियम वाचले आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशी आज बोलल्या. गोठ्यात ती एकटी नव्हती. मागून तिचे दोन बछडे आत शिरले होते. त्यातलं धाकटं शेवटपर्यंत ओरडत होतं. सहाही घरांना ऐकू गेलं, मावशींनाही. कडी काढायला कोणी गेलं नाही. म्हणून ती प्रत्येक घरातलं धाकटं नेते.
माझ्या घरात धाकटं कोण?

१६ एप्रिल
पाचव्या घराने नातवाला कालच खाली धाडलं होतं. तो वाचला. गादी मात्र उभी फाडलेली. म्हणजे घरात नसेल तो वाचतो.
धाकटीने येता कामा नये. बस्स.
यादी पुसली, वरचं घर पुन्हा लिहिलं. मावशी म्हणाल्या, पाहुणा निघाल्यावर बदलता येत नाही, तूच लिहिलंयस.

१७ एप्रिल
फोन फक्त खिंडीत लागतो. धावत गेले. तिचा बंद — ती कालच निघाली असणार. येताना घसरले, घोटा सुजून डबा झालाय. उतरणं शक्य नाही. काका घर बंद करून खाली चाललेत. त्यांच्या पाया पडले. जीपच्या थांब्यावर धाकटीला अडवा, वाटलं तर दोन थोबाडीत द्या, पण वर पाठवू नका. शब्द दिलाय त्यांनी.
काकांचा शब्द आहे. अडवतील.

१८ एप्रिल, सकाळ
निळ्या दाराला कुलूप घातलं. आत कोणी नाही, तीनदा बघितलं. काठी टेकत वरच्या घरी आले. मावशी म्हणाल्या, तिची माफी माग, तिची खोली तिला परत दे, बघ ऐकते का. झाडलं. चादर घातली. पाणी ठेवलं. चुकले गं बाई. इथे ये. माझ्याकडे ये.

दुपार
चादर तशीच. सपाट.
खिडकीतून माझी खोली दिसते. खाली कोणी माणूस नाही. सगळे गेले —

कोणीतरी येतंय. जीपच्या वाटेने नाही, ओढ्याकडून, आडवाटेने. लाल पिशवी —
ती पिशवी मी घेऊन दिली होती.
ओरडतेय. वारा उलटा. तिला ऐकू जात नाही. पाय टेकवत नाही —
दाराशी पोचली. कुलूप आहे, घाबरायचं नाही. कुलूप आहे, किल्ली माझ्या मुठीत. कंटाळेल, परत फिरेल. फिर ना गं —
तिने दार वाजवायला हात उचलला.
वाजवायच्या आधीच उघडलं. आतून.
धाकटी हसतेय. कोणाकडे बघून — वाकली, बूट काढतेय, आणि आतून एक राखाडी