माझे दिवाळे खरोखर निघाले आहे, याची गावास खात्री पटवून देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मुन्सिफ साहेब,
अदालत मुन्सिफी, परभणी.

अर्जदार: वीरुपाक्ष चन्नप्पा, लिंगायत वाणी, पेशा किराणा दुकान, राहणार मौजे झरी, तालुका परभणी.

विषय: अर्जदाराचे दिवाळे जाहीर होऊन, दुकानात लावलेली पितळी समई सोडवून मिळणेबाबत.

संदर्भ: याच विषयाचा माझा मागील अर्ज, व त्यावर जप्तीस आलेल्या अमीन साहेबांनी दिलेला "सदर जागा दुकान नसून देवस्थान आहे" हा अहवाल.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, मागील अर्जात मी थोडक्यात लिहिले व त्यानेच घात झाला. म्हणून या वेळी सगळे सांगतो. हुजुरांचा वेळ जाईल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

२. माझे दुकान बरे चालले होते. ते अधिक बरे चालावे अशी मला दुर्बुद्धी झाली व मी परभणीहून हप्त्याने ग्रामोफोन आणला. गाणे ऐकायला गिऱ्हाईक येईल आणि जाता जाता तेल-मीठ नेईल, असा माझा हिशेब होता. गिऱ्हाईक आले. अर्धे झरी आले. पोत्यांवर बसून त्यांनी गाणी ऐकली, ऐकता ऐकता माझा गूळ व शेंगदाणे खाल्ले आणि "उद्या पुन्हा लावा बरं का" असे सांगून घरी गेले. विकत कोणी काही नेले नाही; ज्यांनी नेले त्यांनी उधार नेले, आणि गाण्याची तारीफ करणाऱ्याकडे उधारी मागणे मला जमले नाही. सगळ्या हप्त्यांचे पैसे गावातील चतुराबाई या म्हशी राखणाऱ्या विधवा बाईंनी व्याजाने दिले होते. माल परभणीच्या मोंढ्यातील घाऊक व्यापारी बन्सीधर शेठ यांचा होता. दोघांचेही देणे थकले. ग्रामोफोन विकायला काढला, तर घेणारा कोणी नाही, कारण सगळ्यांनी तो फुकट ऐकलेला.

३. यावर कायदेशीर इलाज काय, याची मी चौकशी केली. शेतकऱ्यांच्या कर्जाची तडजोड करून देणारे पंच आहेत असे कळले, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारले, "जमीन किती?" मी म्हणालो, दुकानामागे कढीपत्त्याचे झाड आहे. त्यांनी मला परत पाठविले. मग माझ्या कैलासवासी वडिलांनी सांगितलेली व्यापाऱ्यांची जुनी रीत आठवली. ज्याला देणे फेडता येत नाही त्या सचोटीच्या वाण्याने दुकानातील गादी उलटी घालावी, भर दिवसा उंबऱ्याशी दिवा लावावा आणि मान खाली घालून बसावे. दिवसा जळणारा दिवा पाहून सावकार समजतात, येतात, असेल नसेल ते वाटून घेतात व माणसाला मोकळे करतात. रातोरात पळून जाण्यापेक्षा हा मार्ग मला अब्रूचा वाटला.

४. परंतु झरीत आजवर जे वाणी बुडाले ते सगळे पळूनच गेले. त्यामुळे दिवाळ्याचा दिवा कसा असतो हे गावात कोणी पाहिलेलेच नव्हते. त्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक, दुकानातला कंदील चतुराबाईंकडे गहाण असल्याने मी पत्नी महानंदा हिची समई न विचारता घेतली. दुसरी, तो दिवस श्रावणातला सोमवार निघाला. कपाळाला विभूती तर मी रोजच लावतो.

५. पहिल्या आल्या बायनाबाई, मीठ उधार मागायला. उलटी गादी, लखलखीत समई, सोमवार, आणि मी खाली मान घालून गप्प. त्यांनी मिठाचे नाव काढले नाही. हात जोडले, एक पैसा ठेवला आणि उलट्या पावली बाहेर गेल्या. त्यांची हरवलेली म्हैस त्याच संध्याकाळी घरी आली. म्हैस संध्याकाळी घरी येतेच, हे मी सर्वांना परोपरीने सांगितले. कोणी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. "लय कडक देवस्थान हाय," असे माझ्याच पायरीवर बसून लोक मलाच सांगू लागले.

६. मी दारात उभा राहून ओरडलो की, मंडळी, माझ्याजवळ काही नाही, मी कफल्लक माणूस आहे. त्यावर लोक एकमेकांकडे पाहून म्हणाले, "बगा, किती निरिच्छ माणूस हाय." मी जितके खरे बोलत गेलो तितके माझे पाय धरणारे वाढले. साहेब, दिवाळे काढणाऱ्या माणसाने आणखी किती स्पष्ट बोलावे?

७. आता धनकोंचे ऐकावे. चतुराबाई कमरेला पदर खोचून भांडायला आल्या. "माजे पैसे दे, आत्ताच्या आत्ता दे," असे म्हणत त्या रागाने डुलू लागल्या, केस सुटले. बायांना वाटले, अंगात आले. त्यांनी चतुराबाईंना हळदकुंकू लावले, खण दिला आणि पोरीचे लग्न कधी जमेल ते विचारले. चतुराबाईंनी क्षणभर विचार केला व "मार्गेसरात" असे उत्तर दिले. तेव्हापासून त्या दर मंगळवारी समईच्या उजव्या हाताला बसतात. माझ्या कर्जाविषयी विचारले तर सांगतात, "आमी कुनाला कर्ज दिलंच न्हाई. देवाच्या दारात असलं बोलायचं न्हाई." कंदीलही परत देत नाहीत.

८. बन्सीधर शेठ वसुलीसाठी बैलगाडी करून आले. गर्दी पाहिली, गाडीतून उतरलेच नाहीत. परभणीस परत जाऊन त्यांनी नारळाची चार पोती माझ्या नावावर उधार पाठविली. मी नारळ नको म्हणून निरोप धाडला, तर उदबत्तीही पाठविली. अशा रीतीने दिवाळे काढल्यापासून माझे देणे वाढत चालले आहे.

९. कोणी म्हणेल, समईपुढे पैसे पडतात, त्यातून देणे फेड. त्या पैशाला माझा हात लागलेला नाही व लागणार नाही, शपथेवर सांगतो. ते पैसे एका पेटीत जातात आणि पेटीची किल्ली किशनराव पाटील यांच्याकडे असते. त्यांनी पंच नेमले आहेत. पंचांनी असे ठरविले की, माझे दुकान पाडून त्या जागी पक्के मंदिर बांधावे आणि पहिली वर्गणी जागेच्या मालकाची असावी. माझ्या नावावर हाली शिक्क्याचे एक्कावन्न रुपये मांडले आहेत. मी द्यायला पैसे नाहीत म्हटले, तर पाटील प्रेमाने म्हणाले, "नसू द्या की. देवाची उधारी हाय, व्याज लावनार न्हाई." म्हणजे आज मी माझ्याच समईचा देणेकरी झालो आहे. धनकोंच्या यादीत तिचे नाव घालावे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. ती तोंडी जबाब देऊ शकणार नाही.

१०. समई शांत करून प्रकरण मिटवावे, म्हणून मी तेल घालणे बंद केले. लोकांनी आपसात पाळ्या लावल्या. आता सकाळी कोष्टी येतात, दुपारी माळी येतात, आणि तेल इतके साचले आहे की ते पायरीवरून ओघळून परवा आमचे जंगम स्वामीही घसरले. ते पडले तरी त्यांना लागले नाही, हाही चमत्कारात जमा झाला. मी स्वतः समई उचलून आत नेऊ लागलो, तेव्हा दहा जणांनी मला अलगद धरून परत गादीवर बसविले. गादी अजून उलटीच आहे. तिच्यावर बसून पाठ धरते.

११. अमीन साहेबांविषयी माझी तक्रार नाही. ते दोन शिपाई घेऊन जप्तीसाठी रीतसर आले होते. मला इतका आनंद झाला की मी स्वतः ग्रामोफोन उचलून पुढे केला. पण दाराशी सगळ्यांच्या चपला होत्या, म्हणून त्यांनीही आपला जोडा काढला. अनवाणी माणसाला जप्ती करणे जड जाते, हे मी समजू शकतो. त्यांनी हात जोडले, नारळ फोडला, प्रसाद घेतला आणि वर उल्लेखिलेला अहवाल लिहिला. ग्रामोफोनची नोंद त्यांनी "देवस्थानचे वाद्य" अशी केली आहे.

१२. आता मुख्य गोष्ट. ती लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. पत्नी महानंदा पहिले काही दिवस हसली. गर्दीतून वाट काढत पाण्याची घागर आणी व माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावी. मग एक दिवस एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन पायी आली आणि समईपुढे ठेवून बसली. मी तिला परभणीच्या दवाखान्यात जा म्हणालो. ती म्हणाली, "एवढा मोठा देव सोडून कुटं जाऊ?" महानंदाने ते लेकरू उचलले, त्या बाईला हाताला धरून गाडीत बसविले आणि दवाखान्यात नेले. लेकरू बरे झाले. महानंदा मात्र तिकडूनच माहेरी पाथरीस गेली. दिवाळीचा पाडवा झाला तरी आली नाही. तिचे बंधू कल्याणराव यांच्यामार्फत आलेला तिचा निरोप जसाच्या तसा देतो: "माज्या आईनं दिलेली समई हाय ती. खोट्यासाठी जळायलीय. रिकामी करून, घासून घिऊन या, मग येते. कर्ज काय, दोगं मिळून फेडू. त्याचं मला काई वाटत न्हाई."

१३. साहेब, मला वाटत होते, मी कर्जाने बुडालो. ते खरे नव्हते. कर्ज तिला आधीपासून माहीत होते आणि ती रोज भाकरी वाढत होती. घर रिकामे झाले ते आत्ता. गावातील निम्मे लोक माझ्या पाया पडतात आणि मी दुपारी कालची भाकरी पाण्यात बुडवून खातो, कारण ताजी करायला येत नाही.

१४. तरी विनंती की, (अ) माझे दिवाळे जाहीर करून तशी दवंडी झरीत पिटवावी, आणि दवंडीवाला बाहेरगावचा असावा, कारण आमचा दवंडीवाला भुजंग याने समईला नवस बोललेला आहे. (आ) ग्रामोफोन, नारळ, उदबत्ती व गादी विकून बन्सीधर शेठचे जेवढे फिटेल तेवढे फेडावे. उरलेले मी परभणीत कोणाच्याही दुकानी दिवाणजी म्हणून राहून फेडीन. चतुराबाईंचे पैसेही फेडीन, त्या नको म्हणाल्या तरी. (इ) पेटीतील पैसे दवाखान्यात द्यावेत. (ई) समई हे माझ्या पत्नीचे स्त्रीधन आहे. ते नवऱ्याच्या दिवाळ्यात धरता येत नाही व देवस्थानातही धरता येऊ नये. ती मला मिळावी.

१५. वरीलपैकी सगळे करणे हुजुरांना शक्य नसल्यास (अ), (आ) आणि (इ) राहू द्यावे. मी जन्मभर देवस्थानचा मालक म्हणून कफल्लक राहीन, माझी हरकत नाही. फक्त समई द्यावी. मी ती राखेने घासून, पायी पाथरीस घेऊन जाईन. जप्तीस येणाऱ्या इसमाने कृपा करून जोडा काढू नये, एवढेच मागणे आहे.

आपल्या निकालाकडे व पाथरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
वीरुपाक्ष चन्नप्पा
मौजे झरी, तारीख १०, माहे दय, सन १३५० फसली

सोबत:
१. अमीन साहेबांच्या अहवालाची नक्कल.
२. नारळ, नग एक, नमुन्यादाखल.
३. तेलाची बाटली, भरलेली. ही गेल्या सोमवारी खुद्द हुजुरांच्या घरून गड्याबरोबर आली होती. साहेबांची बदली औरंगाबादेस व्हावी असा बाईसाहेबांचा नवस असल्याचे गड्याने सांगितले. तेल समईत घातलेले नाही, जसेच्या तसे परत करीत आहे. तरीही बदलीचा हुकूम आलाच, तर कृपा करून जाण्याआधी माझी समई सोडवून जावे. नाहीतर तोही चमत्कार धरला जाईल आणि मग ती मला कोणीच देणार नाही.