भाजल्या त्या कुणाच्या पुंगळ्या?

लुइसटाउन, मोंटाना
१५ ऑक्टोबर

ती. वेंडेलदादास,

ऑरिनचा नमस्कार. वहिनीचा खोकला गेला असेल आणि तुझ्या गाई कुंपणाच्या आत असतील, अशी आशा आहे.

पहिलं सांगतो, तुझ्या काडतुसांच्या पुंगळ्या सुखरूप आहेत. (हे आधी लिही, नाहीतर दादा पत्र अर्ध्यात टाकून गाडी काढतील, असं तुझी भावजय लुएला म्हणाली.) झालं असं, की एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम नऊ दिवसांवर आला, म्हणून तुझ्या आणि माझ्या उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी मी पाळीपाळीने घासायच्या ड्रममध्ये, साबणाच्या पाण्यात लिंबाचं सत घालून फिरवल्या. (बुडातल्या ठिणगीच्या जुन्या टोप्या आधीच काढल्या होत्या, तेवढी अक्कल आहे.) ओळखीसाठी तुझ्या बुडाला लाल रंग लावला होता, माझ्या निळा. पितळ लखलखीत निघालं आणि रंगही निघाला. घासायला घातल्यावर रंग कसा राहील, हे मला सुचलंच नव्हतं. एक तबक खिडकीत वाळत ठेवलं, दुसरं मंद ओव्हनमध्ये, आणि मी गोठ्यात गेलो.

इकडे चर्चच्या बायका येणार म्हणून लुएलाने ओव्हनचं ते आतली घाण जाळून साफ करायचं बटण दाबलं. ते दाबलं की दाराला कुलूप लागतं, तीन तास. काचेतून बघतोय तर पुंगळ्या आधी तांबूस, मग जांभळ्या. असं भाजलेलं पितळ मऊ पडतं. पुन्हा भरून उडवलं तर तोंडावरच फुटायचं. म्हणजे भंगार. पण कुणाचं? तू सहा वर्षं जपलेलं?

"आता दादांना तोंड कसं दाखवणार आहेस?" लुएला म्हणाली.

"बटण तू दाबलंस."

"माझ्या ओव्हनचं दाबलं. तुझ्या बंदुकीचं नाही."

मग आठवलं, पुंगळी ज्या रायफलीत उडते तिचंच माप धरते. तुझ्या पुंगळ्या माझ्या रायफलीत कधी बसलेल्या नाहीत. दार उघडल्यावर एकेक जांभळी पुंगळी घालून पाहिली. सगळ्या अलगद बसल्या. खिडकीतल्या एकीवरही रायफलीची मागची दांडी, बोल्ट, मिटेना. स्वतःचं सगळं पितळ जळालं म्हणून माणूस इतका खूश झालेला लुएलाने प्रथमच पाहिला.

तुझा,
ऑरिन

ता. क. दुकानात आपल्या मापाच्या पुंगळ्या नाताळापर्यंत येणार नाहीत म्हणे. तुझ्यातल्या वीस ठेवून घेतो.

आणखी ता. क. त्या माझ्या रायफलीत बसत नाहीत, हे वर लिहिलंच आहे. तेव्हा शिकारीला येताना तुझी रायफलही आण. एक दिवसाआड वापरू. पहिला दिवस माझा.