एक जागा जास्त

३ जून, सोमवार
आलो एकदाचा! आत यायला काचेची एक लहानशी खोली आहे, एकाच माणसापुरती. तिचं मागचं दार बंद झालं की मगच पुढचं उघडतं. मी आत पाऊल टाकलं आणि सातही जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जन्मात माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. काम झकास आहे: अजून न बांधलेल्या महासंगणकाचा आराखडा. त्याचे हजारो भाग एकाच वेळी राबणार. त्यांनी एकमेकांच्या पायात पाय न घालता काम कसं वाटून घ्यायचं, ते आम्ही लिहायचं. झोपायची खोली वरच्याच मजल्यावर, जेवण खिडकीतून येतं. फोन फाटकावर जमा, घरी निरोप इथल्या संगणकावरून.

५ जून
इथली एक गंमत. बाहेर जायच्या दाराशी पाटी आहे. सगळ्यांनी अंगठे लावले की मगच दार उघडतं. आमच्या प्रोग्रॅमचंही तसंच, शेवटचा भाग पोहोचेपर्यंत बाकीचे थांबतात. या सातांतल्याच आमच्या साहेबांनी तोच नियम दाराला लावलाय. हौस दांडगी! नोकरी सुटल्यापासून धाकटी बहीण घरी कुढत बसलीय, तिचाही अर्ज आज भरून टाकला.

८ जून, शनिवार
बाजारात जायचं म्हणून भांग पाडून तयार झालो. आठही जणांनी अंगठे लावले. पाटीवर उमटलं: आले आठ, हवेत नऊ. मी हसलो. बाकी कोणीच हसलं नाही. जाड चष्म्याच्या बाई जिन्यावर बसून रडल्या.

९ जून
साहेबांना धरून विचारलं. म्हणाले, तू येईपर्यंत पाटीवर 'आले सात, हवेत आठ' होतं. त्या टाळ्या त्यासाठी होत्या. माझं नेमणुकीचं पत्र त्यांच्यापैकी कोणीच लिहिलं नव्हतं. आराखड्यातलं यंत्रच आता माणसं बोलावतं. बाई इथे आल्या तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. आता त्याला मिसरूड फुटलं असेल, म्हणतात.

११ जून
काचेवर खुर्ची घातली. ओरखडा नाही. मग प्रोग्रॅम मुळापासून वाचला आणि चूक सापडली. साहेबांनीच पहिल्या दिवशी लिहिलेली ओळ: उद्याचं यंत्र मोठं असेल, म्हणून नेहमी एक जागा जास्त ठेव. प्रत्येक जागेला एक माणूस. म्हणजे कितीही आले तरी — एक कमीच.
ओळ पुसली. जेवून आलो तर पुन्हा तिथेच.

१२ जून
आईला कळवलं, मला सोडवा. गेलेला निरोप उघडून पाहिला. 'मजेत आहे गं, उगाच काळजी करत बसू नकोस.' अगदी माझ्यासारखं. माझ्याहून माझ्यासारखं.

१४ जून
धाकटीला पत्र गेलंय. नेमणुकीचं. माझ्याच अर्जावरून — मीच केलं हे. सगळ्यांना बजावलं, ती आली की पाटी दहा मागेल. ऐकेनात. बाई म्हणाल्या, कोण जाणे, या वेळी उघडेलही.

१७ जून
आली. काचेपलीकडे. नवा ड्रेस, छातीशी फाइल. हसतेय वेडी. ओरडून उपयोग नाही, ऐकू जात नाही — याच वहीत मोठ्या अक्षरांत 'परत जा' लिहून काचेला लावलं.
वाचलं तिने. वळली.
मागचं दार बंद झालं होतं.
पुढचं उघडतंय. सातही जण उभे राहिलेत. टाळ्या. ती माझ्याकडे बघतेय आणि मी — मी पाटीकडे. कोण जाणे, या वेळी — वही खाली ठेवतो, माझेही हात —