मायचा गुंड आणि लाल पेशींतलं तांबं

चिचगड, ४ नोव्हेंबर २०२४

चि. देवेंद्र यास, ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला मधे तोंड घालता येत नाही. मायचे पाय सुन्न झालेत, आंगणातून परसात जायचं तर भिंत धरते. अंगातलं रक्तही कमी होत चाललंय. आणि तू नागपुरात बसून ठरवतोस की तिच्या तांब्याच्या गुंडातलं पाणी तिला बाधतंय! तो गुंड तिच्या आंदणातला. चाळीस वर्षं ती त्यातलं पाणी पिते, तेव्हा कुठे होतं तुझं शहाणपण? तरी तुझ्या शब्दाखातर तो माळ्यावर टाकला. माय त्याची रिकामी जागा पुसत बसली.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी ताई,
वच्छला

नागपूर, १२ नोव्हेंबर २०२४

ती. वच्छलाताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, शिव्याही पोचल्या. पंधरा वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, मला शिकवू नकोस. तिच्या अंगात तांबं साचलंय, दुसरं काही नाही. गोंदियाच्या डॉक्टरांना सांगून लाल पेशींतलं तांबं मोजून घे. एकदा रिपोर्ट येऊ दे, तुझ्या त्या गुंडाचं पितळ उघडं पडेल.

सोबत मायच्या ताकदीच्या गोळ्या आहेत. कोरोनापासून न चुकता धाडतोय, तुझ्यासारखा नुसता तोंडाचा पट्टा चालवत नाही. डब्यावर लिहिलंच आहे.

मायला दंडवत. माझ्यावर माया असेल तर भांडण तिच्यापर्यंत नेऊ नये.

तुझा,
देवेंद्र

चिचगड, ९ डिसेंबर २०२४

चि. देवेंद्र यास, आशीर्वाद.

तपासणी झाली. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी लॅबवाल्याने नळी बर्फाच्या कप्प्यात ठेवली, पेशी फुटल्या, रक्त वाया गेलं. तसल्या पायांनी मायला पुन्हा एसटीने गोंदियाला नेलं. मी तिथे इतकी ओरडले की सगळी रांग मागे सरली.

काल रिपोर्ट आला. तांबं जास्त नाही. कमी आहे, पेशींतही आणि रक्तातही. इतकं कमी, की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग विचारलं, घरून काय-काय खाते? मी तुझा डबा पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. जस्ताच्या गोळ्या, त्याही जबर ताकदीच्या. इतकं जस्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की तांबं अंगी लागत नाही, म्हणाले. रक्त भरून येईल, पायांचं सांगता येत नाही.

चार वर्षं, देवेंद्र! पंधरा वर्षं दुकानात उभा राहून तू हेच शिकलास? मी दोनदा म्हटलं होतं, माय, आता पुरे कर. तर म्हणायची, पोरानं धाडलं, काऊन नाही खाऊ? तुझं पार्सल आलं की आधी देवापुढे ठेवायची, मग उघडायची. उपासालाही गोळी सोडली नाही.

गुंड माळ्यावरून काढला, चिंचेनं घासून पाणी भरलं. त्यानं पायांत जीव परत येणार नाही, मला माहीत आहे. तिला बरं वाटलं, बस. डबा परत पाठवते आहे. त्यावर लाल पेनानं तुझंच अक्षर आहे: रोज दोन, चुकवू नये.

माय म्हणाली, देवेंद्रले सांगू नको, त्याच्या जिवाला लागंल. म्हणूनच लिहिलं. लागू दे.

लोभ हवा असेल तर इथे येऊन तिच्या पायाशी बस.

वच्छला