गणपती गेल्यावर

॥ श्री ॥

खारी, भाईंदर (पूर्व)
१३ सप्टेंबर २००७

ती. आत्यास,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र. परवा तू रोशनला विचारलंस म्हणे, की तुझी ताई दारूच्या धंद्यात कशी काय पडली. धंद्यात नाही गं, दारूच्या संशोधनात.

आता सविस्तर सांगते. दारू सोडायला मदत करणारी समुपदेशनाची एक साधी पद्धत आहे. ती उपयोगी पडते हे मोठ्या इस्पितळांत सिद्ध झालंय. पण तीच पद्धत इकडच्या मुर्धा गावातल्या एखाद्या साध्या दवाखान्यात, खोकला-तापाच्या रांगेत, रोजच्या नर्सबाईंच्या हातून कशी चालवायची हे कुणी नीट पाहिलेलं नाही. ते पाहणं हे माझं काम. दिल्लीची एक संस्था माझ्यासारख्या नवख्या संशोधकांना उभं राहायला फेलोशिप देते. तीन वर्षं पगार, शिकवायला एक ज्येष्ठ मार्गदर्शक आणि काम आपलं स्वतःचं. वयाची अट पस्तीस. मला जानेवारीत पस्तीस पूर्ण होतील, म्हणजे ही शेवटची संधी. कॉलेजातली हंगामी नोकरी मार्चमध्ये संपतेय. हे नाही जमलं तर अंधेरीतल्या एका औषध कंपनीत फायली लावत बसायचं.

अर्जाला जोडायला थोडं काम करून दाखवावं लागतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी मुर्धा आणि शेजारचं राई या दोन गावांतले पिणारे पुरुष गोळा केले, महिनाभर त्यांच्याशी बोलणं चाललं आणि या आठवड्यात पुन्हा चौकशी केली. आत्या, दर चौघांतल्या तिघांनी दारू सोडलीय. त्यात राईचा उत्तम आहे. पूर्वी मिठागरावर होता, आता एका नव्या इमारतीवर वॉचमन आहे. त्याची बायको शेवंती माझा हात धरून रडली. नारळी पौर्णिमेला तिने मला डबाभर नारळीभात दिला होता.

अर्ज काल कुरियरने गेला. तेव्हापासून तीनदा पावती काढून पत्ता तपासलाय.

गुडघे सांभाळ, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
सुरुची


॥ श्री ॥

लांजा
२१ सप्टेंबर २००७

चि. सुरुचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा गौरी घरात होत्या, त्यामुळे त्यांनाही वाचून दाखवलं. काल गौरी-गणपती गेले आणि घर इतकं रिकामं झालंय, की घड्याळाची टिकटिक मला बहिरीलासुद्धा ऐकू येते.

तुझं काम मला समजलं ते असं. पाककृती चांगली आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ती आपल्या चुलीवर आणि आपल्या भांड्यात होते का ते तू बघतेस. चुकलं असेल तर सांग, पूर्वी मी तुझ्या वह्या तपासायचे, आता तू माझ्या तपास. अक्षर मात्र तुझं अजून कोंबडीचे पायच आहे.

एक विचारू का? दोन दिवस विचारू की नको करतेय. तू माणसं गोळा केलीस ती गटारीच्या आधीच्या आठवड्यात. पुन्हा चौकशी केलीस तेव्हा श्रावण नुकता संपलेला आणि गणपती तोंडावर आलेले. तुझे आतोबा श्रावणात थेंबालाही शिवत नसत. पहाटे उठून देवाची फुलं काढायचे, मी शाळेत शिकवायला निघाले की माझा डबासुद्धा भरून द्यायचे. गणपती जाईपर्यंत सगळं तसंच चालायचं. त्यांना कुणी समुपदेशन केलं नव्हतं.

तुझ्या कामाला नावं ठेवत नाही गं. पण अनंत चतुर्दशी झाल्यावर त्या माणसांकडे एकदा पुन्हा जाऊन येशील का? माझी शंका खोटी ठरली तर घरची आमसुलं धाडीन. खरी ठरली तरी धाडीन.

वेळेवर जेव. रोशनला आशीर्वाद सांग. रागावली असशील तरी उत्तर पाठव, म्हणजे जिवाला घोर लागणार नाही.

तुझी
आत्या


भाईंदर
३ ऑक्टोबर २००७

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे मामला सीरियस आहे हे तू ओळखलंच असशील. जेवणाच्या सुट्टीत कामावर, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यावर बसून लिहितोय, कागदाला तेलाचा डाग पडला तर तो भाजीचा नाही, मशीनचा आहे.

तुझं पत्र वाचल्यापासून ताई धड बोलत नाही. विसर्जन झालं आणि तिने मुर्ध्याच्या फेऱ्या सुरू केल्या. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडते. विचारलं तर म्हणते, सगळं श्रावणाचं होतं, माझं त्यात काहीच नव्हतं. इकडे दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलंय, नोव्हेंबरच्या शेवटी. आईबाबा असते तर अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले असते. आणि ही म्हणते, तिथे जाऊन सांगणार की माझा आकडा धरू नका.

मी तिला समजावतोय की ताई, तू खोटं काही लिहिलेलं नाहीस. तू विचारलंस, त्यांनी सांगितलं, तू लिहिलंस, बात खतम. दिल्लीवाल्यांना आपला श्रावण काय कळतोय? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप पाणी प्यायला आत गेलो.

आत्या, राग मानू नकोस, पण हे सगळं तुझ्या पत्राने झालं. आता तूच तिला लिही की गप्प राहा. तुझं ती ऐकते. ती कंपनीत लागली तरी घर चालेल, माझं काही म्हणणं नाही. पण तिथे ती सुकून जाईल हे मला आत्ताच दिसतंय, आणि मला त्याची भीती वाटते.

मी लिहिलंय हे तिला सांगू नकोस. बाकी सगळं तुझ्या हातात.

तुझा
रोशन


॥ श्री ॥

खारी, भाईंदर (पूर्व)
९ ऑक्टोबर २००७

ती. आत्यास,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं. तुझी शंका खरी निघाली. विसर्जन झालं आणि बघता बघता बहुतेक सगळे पूर्वीच्या वाटेला लागले. दोघे-तिघे टिकून आहेत, तेही कधीपर्यंत, देव जाणे.

हसू येतं ते माझं मलाच. गटारी मला ठाऊक नाही का? श्रावण ठाऊक नाही का? मी स्वतः श्रावणी सोमवार करत होते. साबुदाण्याची खिचडी खाऊन मुर्ध्याला जायचे आणि पुरुषांना विचारायचे, की दारू सोडून कसं वाटतंय. अर्जाची तारीख डोक्यावर होती, डोळ्यांना तेवढीच दिसत होती. ज्या पुस्तकांवरून काम आखलं ती सगळी परदेशातली, त्यांत श्रावण कुठून असणार?

उत्तमची वॉचमनची नोकरी गेली. शेवंती नाक्यावर मासळी घेऊन बसली होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तो दरसाल श्रावनात असाच ऱ्हातो. मना वाटला, यंदा तुमी हाव, म्हून पुढं पन ऱ्हाईल." म्हणजे दरवर्षी ती बिचारी श्रावणापुरतीच आशा धरायची. यंदा मी तिला त्यापुढची लावली आणि तोंडघशी पाडलं.

कॉलेजात ज्यांच्या हाताखाली हे काम केलं त्या आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अर्ज तुझा आणि सही तुझी, मी काही बोलणार नाही. मुलाखतीत बोलले तर संधी गेली. नाही बोलले तर कदाचित मिळेल, आणि मग तीन वर्षं एकेका दवाखान्यात जाऊन सांगत फिरायचं की ही पद्धत चालते, बघा आमचा आकडा. मला दोन्ही नको वाटतंय.

एक विचारते. दुखलं तर उत्तर देऊ नकोस. गणपती गेल्यावर तुझ्या घरात तेव्हा काय असतं तर उपयोग झाला असता?

मला मूर्ख म्हण, पण परकी करू नकोस.

तुझी
सुरुची


॥ श्री ॥

लांजा
२० ऑक्टोबर २००७

चि. सुरुचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मूर्ख म्हणायचा हक्क मी राखून ठेवते, आज वापरत नाही. आमसुलं एसटीने तिकडे येणाऱ्या शेजारच्या सदूकडे दिलीत, ती उतरवून घे.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले. असं कुणी कधी विचारलं नव्हतं. श्रावणात आमच्याकडे सगळे यायचे. हेडमास्तर यायचे, शेजारपाजारच्या बायका यायच्या आणि सगळे म्हणायचे, सुटली हो एकदाची. मलाही दरवर्षी खरंच वाटायचं. अनंत चतुर्दशीनंतर मात्र आमच्या अंगणात कुणाचं पाऊल पडायचं नाही. आम्हाला लाज वाटायची आणि लोकांना संकोच. डॉक्टरांकडे नेलं तर म्हणायचे, शुद्धीवर असताना घेऊन या. अगं, शुद्धीवर असताना त्यांना डॉक्टर कशाला हवा होता?

मला हवं होतं ते इतकंच, की त्या दिवसांत कुणीतरी यावं आणि येऊन ओरडू नये.

रोशनचं पत्र आलं. सांगू नकोस म्हणाला आहे, म्हणून सांगतेच. तुझ्यावर त्याचा फार जीव आहे. तुला गप्प राहायला सांग असं तो म्हणतो. मी ते सांगणार नाही आणि बोल असंही सांगणार नाही. संधी तुझी आहे, आणि मला तुझी इतकी काळजी वाटते की माझ्या सल्ल्यावर माझाच भरवसा नाही. पण बोलायचं ठरवलंस तर आमच्या घरचं तिथे खुशाल सांग. नावासकट सांगितलंस तरी चालेल. रागवायला ते आता नाहीत.

दिल्लीला थंडी असेल, माझी जुनी शाल ने. काय होईल ते कळव, आणि मनातून दूर जाऊ नकोस.

तुझी
आत्या


॥ श्री ॥

खारी, भाईंदर (पूर्व)
१८ डिसेंबर २००७

ती. आत्यास,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

शाल नेली, ती अंगाभोवती घट्ट गुंडाळूनच आत गेले. समोर पाच जण बसले होते. कुणी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, की माझ्या अर्जातला मुख्य आकडा माझ्या कामाचा नाही, तो श्रावणाचा आहे, आणि गणपती गेल्यावर तो कोसळला. एवढं बोलून मी मनातल्या मनात अंधेरीच्या कंपनीत रुजूसुद्धा झाले.

टोकाला बनारसच्या एक वयस्कर बाई होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की बेटी, सावन आमच्याकडेही येतो. तारखा बघूनच त्यांनी आपसांत ठरवलं होतं, की या मुलीला पहिला प्रश्न हाच विचारायचा. मी बोलले नसते तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. रोशनला सांगितलं तेव्हा तो डोकं खाजवत चहा टाकायला उठला.

मग त्यांनी विचारलं, की आता पुढे काय करशील. मी तुझं सांगितलं. माझी आत्या म्हणून, नावासकट. शुद्धीवर असताना घेऊन या, हेही सांगितलं. तिथल्या तिथे सगळं काम नव्याने मांडलं. गणपती गेल्यावर नर्सबाईंनी आपणहून घरी जायचं, पिऊन आलेल्या माणसालाही दवाखान्यातून परत पाठवायचं नाही, आणि हे रोजच्या कामात बसतं का ते बघायचं. बनारसच्या बाईंनी मध्येच चष्मा काढून पुसला.

काल पत्र आलं. मिळाली, आत्या. तीनही वर्षांसाठी.

पण पेढे तोंडात फिरतायत. पत्र हातात पडल्यावर आधी राईला गेले, शेवंतीकडे. आत टीव्ही चालू होता. मी हाक मारली तसा टीव्ही बंद झाला, पण दार उघडलं नाही. आज पुन्हा गेले, पुन्हा तेच. उत्तमचा खोकण्याचा आवाज येत होता. जिच्यासाठी भांडून हे मिळवलं तीच दार उघडत नसेल तर मी तीन वर्षं करू काय? दिल्लीत जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या बंद दारापुढे वाटली.

लवकर लिही. तुझ्या चार ओळींवाचून मला धीर येत नाही.

तुझी
सुरुची


॥ श्री ॥

लांजा
२७ डिसेंबर २००७

चि. सुरुचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ रडले. ग्रामदेवीला नारळ दिला. त्या बनारसच्या बाईंना माझा नमस्कार कळव. चष्मा का पुसला असेल ते मला समजलं.

आता शेवंतीचं. तिच्यावर रुसू नकोस. तू माझ्या दारात आली असतीस तर पहिल्या वर्षी मीही उघडलं नसतं. दिवा मालवून बसले असते आणि तू गेल्यावर तुला चार बोल लावले असते. दुसऱ्या वर्षी आतूनच सांगितलं असतं की आम्ही बरे आहोत, तुम्ही जा. पण तू गेलीस का हे फटीतून बघितलं असतं.

तिसऱ्या वर्षी उघडलं असतं गं. म्हणून जात राहा.

जिवाला जप. तुझ्यावर माझा जीव आहे, हे पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझी
आत्या