वीतभर धागा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
बाविसावा आठवडा लागला. आमचे मास्तर रोज पोटाला कान लावून हजेरी घेतात. दोन दिवस खाली जड वाटतंय, काहीतरी उतरल्यासारखं. दुखत काही नाही, म्हणून बँकेत जातेच आहे. तू लगेच काळजी करत बसू नकोस.
तुझी लाडकी कटकट,
धाकटी

७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र आत्ताच मिळालं. उत्तर पोस्टात न टाकता यांच्या हाती देते. आज यांची बस तिकडेच आहे. लगेच दवाखान्यात जा. तू निघेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं यांना बजावलं आहे.
माझं पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा असंच जड वाटत होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. हे डॉक्टरांना सांग.
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न.
उताणी पडून लिहिते आहे. पेन चालेना, म्हणून पेन्सिल.
गर्भपिशवीचं तोंड उघडलं होतं आणि पाण्याची पिशवी बाहेर डोकावत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाका घालून बघू, पण खात्री देत नाही. कमरेखाली बधिर केलं, टेबल डोक्याकडून खाली झुकवलं. ओल्या बोळ्याने पिशवी हळूहळू आत सारली आणि तोंडाभोवती धागा आवळला. पिशवी इतकी पातळ की नखानेही फुटली असती. तेवढा वेळ खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा मास्तर रडले.
तुझंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, ताईंची काही चूक नव्हती, तोंड आपोआप उघडतं. दोनदा म्हणाल्या.
तुझी माया आहेच, आता चार दिवस येऊन, मी तशीच बँकेत जात राहिले त्याचा राग पण काढ.
धाकटी

२५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
तुला आणि चिमुकलीला आशीर्वाद. सुखरूप पोचले.
टाका काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला धागा दाखवला. वीतभरसुद्धा नव्हता. एवढ्याशा धाग्याने चौदा आठवडे एक अख्खं माणूस आत धरून ठेवलं. बसमध्ये मला दुसरं काही सुचेना.
काल यांना सांगितलं की आपलीही मुलगीच होती. ती गेली तेव्हा हे लांबच्या फेरीवर होते. परतल्यावर यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अकरा वर्षं तसंच राहिलं. काल यांनी विचारलं, कुणासारखी होती.
मी सांगितलं, कान तुमचे होते.
तुझी,
ताई